अपघात किती?

सकाळी अकराला मोठ्या कंपनीचा तपासनीस येणार म्हणून कारखान्यात लग्नघरासारखी धावपळ चालली होती. कारखाना म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेड. तिथे पत्रा दाबून कापणाऱ्या चार प्रेस-यंत्रांवर डब्यांची झाकणं निघत. कंपनीला माल द्यायचा तर बत्तीस पानी फॉर्म भरावा लागे आणि वर्षातून एकदा पाहणी होई. त्या दिवसापुरते कामगारांना नवे हातमोजे मिळत, मागच्या दारासमोरची खोकी हटत. साहेबाची पाठ वळली की हातमोजे पुन्हा कपाटात. या सोंगाला सगळे 'कंप्लायन्स', म्हणजे नियमपालन, म्हणत.

यंदा एक माणूसही लपवायचं होतं. मालकाच्या धाकट्या बहिणीची दोन बोटं तीन महिन्यांपूर्वी प्रेसखाली गेली होती.

"आजचा दिवस मावशीकडे जा," भाऊ म्हणाला. "तुझा हात दिसला तर ऑर्डर गेलीच समज."

"मी काय चोरी केलीय, दादा?"

"वाद घालू नकोस. घरासाठी एवढंही होत नाही?" हे म्हणाली तिची सख्खी आई! पोरगी गुपचूप चपला शोधू लागली.

फॉर्म मालकाची बायको, म्हणजे तिची वहिनी, भरत होती. कागदोपत्री तीच 'सुरक्षा अधिकारी' होती. 'गेल्या वर्षातील अपघात' या रकान्यापाशी तिचा हात थांबला. वेळेआधीच येऊन समोर बसलेला तपासनीस साहेब चहा फुंकत म्हणाला, "शून्य लिहा, ताई. सगळेच लिहितात."

"साहेब, हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला जाळी असते. ती आम्ही का काढली, माहितीय? तुमच्या कंपनीनं आठ दिवसांचा माल तीन दिवसांत मागितला. जाळी असली की काम सावकाश होतं."

"ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं रकान्यात 'एक' लिहिलं आणि दाराकडे हाक मारली, "इकडे ये गं. कुठे जायचं नाही. साहेबांना हात दाखव."

"डोकं फिरलंय का तुझं?" नवरा ओरडला. "घर बुडवशील!"

"बुडू दे. तिला लपवून मला घर चालवायचं नाही."

साहेबानं हात पाहिलाच नाही. "हा फॉर्म वर जाणार नाही. दुसरा भरा."

"भरणार नाही."

ऑर्डर गेली. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं स्वतः पाना घेऊन चारही जाळ्या बसवल्या. बहिणीची माफी मात्र त्यानं अजून मागितलेली नाही.

तीच ऑर्डर, तीच तीन दिवसांची मुदत, शेजारच्या गल्लीतल्या कारखान्याला मिळाली. ऐकताच वहिनी नणंदेला घेऊन तिथे गेली. तिथला मालक दारातच आडवा आला, "तुमची ऑर्डर गेली म्हणून पोटात दुखतंय का?"

त्याच्या खांद्यावरून आतली प्रेस दिसत होती. जाळी नव्हती. एक बाई हात आत घालत होती, बाहेर काढत होती.

"बाई, थांबा!" नणंद जिवाच्या आकांतानं ओरडली.

बाईनं मान वर केली नाही. "ओरडू नका, ताई," ती म्हणाली. "लक्ष उडालं तर माझा हात जाईल."