आठ भरले, नऊ वाजले

रुपरावनं गारगोट्यांचं टोपलं धोंडबाच्या पायाशी ठेवलं आणि एक रिकामं घमेलं त्याच्या हातात दिलं.

"आजच्या भोकांवरून चालत जा. सुरुंग भरून राहिला असं समज. दर भोकापाशी एक गारगोटी घमेल्यात टाक अन् मोज. दारू नको, वात नको."

"पंचवीस वर्षं झाले मले सुरुंग भरताना," धोंडबा म्हणाला. "आता गोट्या खेळू काय गा?"

"खेळ. मुकादम मी आहो."

कन्हानच्या रस्त्यावरच्या त्या दगडाच्या खदानीत आदल्या दिवशी जे झालं, त्यानं रुपरावची झोप उडाली होती. धोंडबानं सुरुंग पेटवून ‘आठ!’ अशी आरोळी दिली. टेकाडामागं बसलेल्या देवाजीनं आठ बार मोजले आणि खदान मोकळी झाल्याची शिटी फुंकली. गिट्टी फोडणाऱ्या बाया टोपली घेऊन निघाल्या, तोच नववा बार उडाला. त्यांतल्या वच्छलाच्या खांद्याला दगड चाटून गेला. तो डोक्यात बसला असता तर काय, याच्यापुढं रुपराव विचारच करत नव्हता.

धोंडबा म्हणे, आठच पेटवले. देवाजी म्हणे, आठच मोजले आणि मगच फुंकली. दोघंही सरळ माणसं. मग नववा आला कुठून? उडालेल्या दगडांच्या ढिगात जुन्या भोकांचा पत्ता लागणार नव्हता. मॅनेजर ओमप्रकाशजींनी मात्र दहा मिनिटांत निकाल लावून टाकला. शिटी देवाजीची, तर चूकही देवाजीची. आज अकराला येऊन ते त्याला कामावरून काढणार होते. घरात सहा खाणारी तोंडं, आणि शिटी चुकवणारा म्हणून एकदा नाव झालं की दुसऱ्या कुठल्या खदानीत त्याला कोणी उभं केलं नसतं.

रुपरावला आणखीही एक गोष्ट टोचत होती. पूर्वी भरणं, पेटवणं, मोजणं, शिटी मारणं, सारं एकटा धोंडबाच करी. एवढ्या माणसांचा जीव एकाच्या भरवशावर नको, दोघं असले की चूक धरली जाईल, अशी युक्ती रुपरावनंच काढली आणि बार मोजणं अन् शिटी देवाजीकडं दिली. कालचा तो पहिलाच दिवस होता.

म्हणून आज सकाळी कामाआधी येऊन त्यानं खडकात पाडलेली नवी भोकं स्वतः मोजली होती. नऊ. पुन्हा मोजली, नऊच. हा आकडा त्यानं कोणालाच सांगितला नव्हता.

धोंडबा कुरकुरत निघाला. मागं रुपराव, त्याच्यामागं देवाजी, आणि खांद्याला हळद लावलेली वच्छला. हातातलं काम टाकून अर्धी खदान तमाशा पाहायला लोटली.

पहिल्या भोकापाशी धोंडबा थांबला. त्यानं गारगोटी उचलली, कपाळाला लावली आणि घमेल्यात न टाकता शेजारच्या खडकावर हळूच ठेवून दिली. मग दुसऱ्या भोकाशी जाऊन एक गारगोटी घमेल्यात टाकली.

"एक."

आत्ताच ओरडावं असं रुपरावला वाटत होतं, पण त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. दोन. तीन. चार. धोंडबा सावकाश, अगदी सवयीनं चालत होता. शेवटच्या भोकापाशी त्यानं मान वर केली.

"आठ. पाहा. म्हटलं होतं ना मी?"

"अन् थे पहिली? थे खडकावरची?"

"थे काहून मोजू? थे देवाची."

"देवाची म्हणजे?"

धोंडबाला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमच्या गावाले खळ्यावर पहिली पायली देवाची असते. बाजूले ठेवायची. मोज त्याच्यानंतर सुरू. बाप असाच मोजे. पहिला सुरुंगही देवाचा."

"अन् बार मोजताना?"

"पहिला बार देवाचा. मंग आठ."

"सापडला!" रुपरावनं डोक्यावरची टोपी काढून हवेत भिरकावली. "सापडला गा, नववा सापडला!"

पंचवीस वर्षं या माणसाचा आकडा रोज एकानं चुकत होता आणि पंचवीस वर्षं कोणाला ओरखडाही उठला नव्हता, कारण भरतानाही एक सोडायचा आणि ऐकतानाही एक सोडायचा. दोन्हीकडं सारखंच. त्यातला अर्धा भाग उचलून देवाजीकडं दिला, तिथं घोटाळा झाला. रुपरावला इतका आनंद झाला होता की तो तीन वेळा तेच तेच सांगत सुटला.

देवाजी मात्र डोकं खाजवत हसला. "म्हणजे मी देवाचाही बार मोजला." त्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच देव सोडले होते. नावात तेवढा उरला होता, आणि त्यावरून खदानीत त्याची रोज थट्टा चाले.

धोंडबा खाली बसला होता. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"वच्छला, माह्या हातून तुह्या जिवावर आलं होतं वं," तो पुटपुटला.

"आलं होतं, गेलं," वच्छला म्हणाली. "आता उद्याचं पाहा."

देवाजीनं खडकावरची ती गारगोटी उचलली आणि धोंडबाच्या हातात दिली.

"हे देवाची म्हणूनच टाक, पण घमेल्यात टाक. एक बार झाला का मी एक बाहेर फेकीन. हे सगळ्यात शेवटी. घमेलं रिकामं झाल्याबगर शिटी नाही."

"तू देवाची गोटी जपशील?"

"तुही गोटी हाय ना? जपीन."

अकराला ओमप्रकाशजी स्कूटरवरून उतरले, तसा रुपराव त्यांना हात धरूनच टेकाडामागं घेऊन गेला. "आधी पाहा साहेब, मंग बोला." बाया आडोशाला दाटीवाटीनं बसल्या होत्या. देवाजीच्या मांडीवर घमेलं, त्यात नऊ गारगोट्या. धोंडबा वाती पेटवून धावत आला.

पहिला बार झाला. देवाजीनं एक फेकली. दुसरा, तिसरा. प्रत्येक बाराला बाया मोठ्यानं मोजत होत्या आणि रुपराव त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. पाचवा दणक्यात उडाला. सहा, सात, आठ.

मग काहीच नाही. घमेल्यात एक उरली.

वाट पाहिली. धूर टेकाडावरून पलीकडं गेला. ओमप्रकाशजींनी घड्याळ पाहिलं. "हो गया ना, रुपराव?"

एवढं सगळं जुळून आलं आणि ऐनवेळी हे! मग रुपरावला एकदम आठवलं, पाचवा केवढा मोठा झाला होता.

"दोन एकदम उडाले असन. वाजव."

"घमेलं रिकामं नाही," देवाजी म्हणाला.

"अरे, मी सांगून राहिलो ना! मुकादम सांगून राहिला!" त्यानं देवाजीच्या गळ्यातली शिटी ओढली आणि तोंडाजवळ नेली.

देवाजीनं त्याचं मनगट पकडलं. ज्याची नोकरी जायची होती तो माणूस मुकादमाचा हात धरून बसला.

नववा बार उडाला. टेकाडापलीकडं दगडांचा सडा पडला.

देवाजीनं मनगट सोडलं, शेवटची गारगोटी बाहेर टाकली आणि शिटी स्वतःकडं घेऊन फुंकली. बाया ओरडतच उठल्या. वच्छलानं धोंडबाच्या पाठीत एक धपका घातला. ओमप्रकाशजीही खूश झाले होते. हकिगत ऐकता ऐकता त्यांनी खिशातला देवाजीच्या नावाचा कागद फाडला आणि डायरी उघडली.

"बहुत बढिया. देवाजी कामावर राहील. पण रिपोर्टात नाव लागतं. चूक कोणाची लिहू? धोंडबा?"

रुपराव मनगट चोळत उभा होता. तो तिथंच खडकावर बसला.

"कालची लिहा साहेब, अन् आत्ताचीही लिहा," तो म्हणाला. "दोन्हीले नाव एकच लागते."