वीस मिनिटं

मुरबाडच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर मी आशाताईंना मलेरियाची झटपट तपासणी शिकवायला गेले होते. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीच्या खळग्यात टाकायचा, बाटलीतल्या औषधाचे थेंब सोडायचे आणि वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ म्हणजे मलेरिया नाही, दोन म्हणजे आहे. पण माझी कल्याणची एसटी चारची. मी ठाण्याहून आणलेली तयार पट्टी पर्समधून काढली आणि "हे बघा, अशा दोन रेघा," म्हणून मोकळी झाले. टीव्हीवर नाही का, कुकर लावतात आणि लगेच शिजलेला भात पुढे करतात! तोंडाने वीस मिनिटं म्हणाले, हाताने वीस सेकंद दाखवले.

ऑगस्टात तिथल्या देवकीचा दीर जगन मलेरियाने गेला. सव्वीस वर्षांचा. आशा म्हणून तिनेच त्याला तपासलं होतं आणि वहीत 'नाही' लिहिलं होतं.

चौकशीला डॉक्टर सलिल आणि मी. काय पण निवड!

"करून दाखवा," सलिल म्हणाले.

देवकीने हातमोजे घातले, थेंब मोजून सोडले. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार. पहिली रेघ उमटली आणि तिने लगेच पट्टी उचलली. "एक. नाही."

"अहो, थांबायचं कोणी?" सलिलनी विचारलं.

देवकीने माझ्याकडे पाहिलं. "म्याडमनी दाखवलं तसंच केलं." मग हळूच म्हणाली, "जगनची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी टाकताना तिच्यावर दोन रेघा दिसल्या. वाटलं, शिळी झाली."

सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बढतीची यादी लागायची होती. सलिलनी अहवालात 'वापरकर्त्याची चूक' असं लिहिलं, खाली मी सही केली. देवकीचं काम गेलं. लाज वाटली का? वाटली. सही मात्र नेहमीसारखी वळणदार आली.

तिच्या जागी आलेल्या बाईला शिकवायला पुन्हा मलाच धाडलं. या वेळी पर्समध्ये तयार पट्टी नव्हती. थेंब टाकले, मोबाइलवर वेळ लावली आणि गप्प बसून राहिले. चारची एसटी खालच्या रस्त्याने हॉर्न देत निघून गेली. समोरच्या ओट्यावर देवकी तांदूळ निवडता निवडता सगळं बघत होती.

मोबाइल वाजला. तिने सूप खाली ठेवलं.

"म्याडम, येवढंच थांबायचं व्हतं?"