गुंडोरावांच्या साठीचं जेवण

“तुमचं बुकिंगच नाही, सार,” रेस्टॉरंटचा मॅनेजर तिसऱ्यांदा म्हणाला, आणि गुंडोरावांनी तिसऱ्यांदा ईमेलचा छापील कागद त्याच्यापुढे धरला.

बाहेर चेन्नईतल्या टी. नगरच्या फुटपाथवर, मे महिन्याच्या उन्हात, तंजावरहून आलेले अठरा पाहुणे रेशमी कपड्यांत घामाघूम उभे होते. सकाळी गुंडोरावांची साठीशांत झाली होती. रीतीप्रमाणे त्यांनी भवानीबाईंच्या गळ्यात पुन्हा एकदा मंगळसूत्र बांधलं होतं. आता जेवण तेवढं राहिलं होतं.

गुंडोरावांची हयात अड्यारच्या एका कचेरीत आवक-जावक टपाल सांभाळण्यात गेली. आलेल्या पत्राला तीन दिवसांत उत्तर, हा त्यांचा धर्म. चार वर्षांपूर्वी कचेरीत ईमेल आला आणि त्यामागोमाग या रेस्टॉरंटची न मागितलेली पत्रं. आज बुफे, उद्या आंबा महोत्सव. बाकीचे न वाचताच पुसून टाकत. गुंडोराव मात्र प्रत्येक पत्राला ‘निमंत्रण पोचले, आभारी आहे’ असं धाडत. अशातच एक पत्र आलं: साठी आमच्याकडे करा, फक्त उत्तर द्या, मेजं तुमची. यांनी तारीख, वेळ, माणसं कळवली, आणि मिनिटाच्या आत ‘मेजं राखली’ असा जबाब आला. थोरली बहीण अन्नपूर्णाबाई म्हणत होत्या, घरीच आचारी लावा, केळीची पानं मांडा. गुंडोराव म्हणाले, लेखी आहे.

मॅनेजरनं शेवटी खरं काय ते सांगितलं. जाहिरात बाहेरची कंपनी बनवते. ‘फक्त उत्तर द्या, मेजं तुमची’ ही ओळ दुसऱ्याच कुणाच्या जाहिरातीतली, चुकून तशीच राहून गेली होती. त्या पत्राला जबाब यंत्र आपोआप देतं, उत्तर देणाऱ्या सगळ्यांना तोच.

“तो मेल आमच्यात कोणीच वाचत नाही, सार.”

गुंडोरावांचं डोकं फिरलं. चार वर्षं हा गृहस्थ भिंतीशी बोलत होता. “वाचत नाही, मग पाठवता कशाला?” त्यांचा आवाज इतका चढला की जेवणारे वळून बघायला लागले. तासाभरानं तिघं-चौघं करून बसवतो, दहा टक्के सूट देतो, असं म्हणत मॅनेजरनं तक्रारीचा फॉर्म पुढे सरकवला. त्यातला पहिलाच रकाना ईमेलचा होता. जन्मात कागद न फाडलेल्या गुंडोरावांनी त्याचे चार तुकडे केले.

तणतणत ते बाहेर आले. तो ईमेल अठरा जणांना वाचून दाखवायचा, चोर कोण ते कळू दे, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, “काय झालं रे गुंडो? जाहिरात बघून फसलास नव्हे?”

सगळे त्यांच्याकडे बघत होते.

“मीच चुकले, अक्का,” भवानीबाई म्हणाल्या. “तारीख मी सांगितली त्यांना. उद्याची सांगितली.”

“अय्यो, एवढं सुद्धा जमलं नाही तुला?” अन्नपूर्णाबाईंनी तोंड सोडलं. चाळीस वर्षांतल्या साऱ्या चुका, भर रस्त्यात, एकेक करून निघाल्या. भवानीबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या.

खोटं आहे ते, एवढंच गुंडोरावांनी म्हणायचं होतं. ईमेलचा कागद हातात होता. गुंडोरावांनी त्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि पाहुण्यांसाठी रिक्षा बघायला ते रस्त्याकडे वळले.