प्रयोगवही

निकितानं परीक्षानळीच्या आकृतीला शेवटचं नाव दिलं, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली आणि वही मिटली. वहीवर नाव होतं आभाचं.

आभाला सकाळ-संध्याकाळ ट्यूशन. दहावीची प्रयोगवही लिहायला तिनं वेळ कुठून आणावा? तिची आई शुभदाताई तहसीलीत नोकरीला, आणि त्यांच्याकडे पोळ्या करायला निकिताची आई इंदूबाई. निकिताचं अक्षर छान, म्हणून हे काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. बदल्यात दर रविवारी आभाच्या ट्यूशनच्या नोट्स वाचायला मिळत. निकिताला जेवढं गणित येत होतं, तेवढं त्या नोट्सवरच.

स्वतःची वही तिनं दिवाळीच्या सुट्टीत, कापूस वेचून आल्यावर लिहिली. तेवढंच मन लावून लिहिली, आणि तिथंच चुकली.

विज्ञानाच्या गोपाल सरांनी दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या आणि दोघींना बोलावलं. दोन्हींत अक्षर एकच होतं. सर रागावले नाहीत, हेच निकिताला जास्त लागलं.

"निकिता, तुही वही आभानं लिहून देल्ली का?"

आभा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली. निकिताच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण खरं बोललं की आईचं काम जाणार आणि रविवारच्या नोट्सही.

"हो, सर."

सरांनी आभाच्या वहीवर सही केली. निकितासाठी कपाटातून कोरी वही काढली. गुण बोर्डाकडे पाठवायचे आहेत, सोमवारी वही आली नाही तर शून्य मांडावं लागेल, हे त्यांनी समजावून सांगितलं.

"अक्षर कसंही असू दे बेटा. पण या खेपेले तुह्या हातचं पाहिजे."

बाहेर आल्यावर आभा सॉरी म्हणाली. नोट्स आजच घेऊन जा, असंही म्हणाली.

घरी निकिता कोरी वही घेऊन बसली. इंदूबाईनं चुलीपाशी बसल्या बसल्या वळून पाहिलं.

"झाल्ती ना तुही वही? आता कायले लिहून राह्यली?"

"पुन्हा लिहा लागते."

तिनं पहिली ओळ लिहिली. तेच वळणदार अक्षर, सरांनी लांबून ओळखावं असं. मग तिनं पान फाडलं आणि पेन डाव्या हातात घेतलं.