बोरींचा गडगा

"हलतोय हा दगड अजून! ह्याला गडगा म्हनतात? शेळीनं शिंग लावलान् तरी आडवा व्हईल!" इद्रीसभाई ओरडला, तसा अकबरनं हातातला धोंडा वाळूत टाकलान्.

"मंग तूच रच. आठवड्यातनं एक जुम्मा मिळतो बाबा. लोकं अंग टाकतात, मटण शिजवतात, आन् आमी परमुलखात धोंडे वाहतोय. कुनाची जागा, कुनाच्या बोरी! उंटावरचा शहाना तू!"

"हां, शहाना तर शहाना. उचल तो धोंडा."

मी मुनव्वर, दोघांच्या मधला. नुसता दगड पुढं देत होतो. माझीही कंबर धरली होती, पण इद्रीसभाईपुढं तोंड उघडायची कुणाची टाप? आम्ही तिघं दाभोळच्या खाडीवरचे, एकाच मोहल्ल्यातले. कुवेतला एकाच अरबाबाकडं, म्हणजे मालकाकडं, बांधकामाला होतो आणि सालमियात एका मातीच्या खोलीत राहायचो. आता फ्लॅटांच्या रांगा बघता ना, तिथं सत्तावन्न साली अरब कोळ्यांची पाच-पन्नास घरं होती, आणि बाकी वाळू.

त्या घरांच्या मागं एक सखल जागा होती. थंडीत चार सरी पडायच्या, ते पाणी तिथं साचायचं, आणि त्या रखरखाटात हिरवं यायचं. अरफजची गुडघाभर झुडपं पिवळीधमक फुलायची आणि मधोमध नऊ बोरी उभ्या. आपल्याच बोरींची जात, फळ जरा मोठं. पहिल्यांदा ते बोर तोंडात टाकलान् तेव्हा इद्रीसभाई मटकन खाली बसला आणि रडला. बाप गेल्याची तार आली तेव्हा रडला नव्हता हा माणूस.

ती जागा राखायची एक बदवीण, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या लोकांतली बाई. नासेरची आई म्हणून सगळे तिला उम्म नासेर म्हणायचे, इद्रीसभाई तेवढा खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. नवरा गेलेला, मुलगा तेलाच्या कामाला लागून तिकडंच राहिलेला, जवळ वीस-बावीस शेरडं. तिची माणसं त्या जागेला हिमा म्हणायची. हिमा म्हणजे राखलेलं रान. ओली फांदी तोडायची नाही, बी खाली पडल्याशिवाय जनावर आत घालायचं नाही, पडलेली बोरं कुणीही वेचावी. तिच्या सासऱ्याच्या बापापासून हे चाललं होतं. कागद नाही, कुंपण नाही, नुसता शब्द.

पण लॉऱ्यांना शब्द कळतो होय? बांधकामं वाढली तशा लॉऱ्या त्या सखलातनं जायला लागल्या. झुडपं चिरडली, वाळू उपसली, आणि एके दिवशी कुणीतरी एक बोर बुंध्यातनं तोडून जळणाला नेली. उम्म नासेर त्या खुंटाशी बसून राहिली. इद्रीसभाईनं ते बघितलान् आणि त्याच संध्याकाळी म्हणाला, "गडगा घालायचा."

आपल्याकडं कसं असतं, गडगा दिसला की गुरं थांबतात, गाडी वळते. जमीन कुणाची हे कोण विचारतो? गडगा म्हणजे आत जायचं नाही, बस्स. हेच आमच्या डोक्यात.

मशिदीच्या अंगणात बैठक झाली. गावची चार बुजुर्ग माणसं, उम्म नासेर आणि आम्ही कोकणी. कागद केला, की ही जागा कुणी विकायची नाही, कुणी तोडायची नाही, तिघांनी मिळून राखायची. सगळ्यांनी अंगठे दिले. कोळ्यांनी समुद्राचा दगड द्यायचा, आम्ही रचायचा, उम्म नासेरनं नजर ठेवायची.

तिला मात्र गडगा पटत नव्हता. "भिंत कशाला घालतोस, इद्रीस? जागा कुणाचीच नाही."

"म्हनूनच घालतो, खाला. कुनाची नाय म्हनून तर जो येतो तो ओरबाडतो."

ती शेरडांकडं वळली. आम्हाला वाटलं, पटलं.

चार महिने, दर जुम्म्याला, चुन्याशिवाय, दगडात दगड बसवून कमरेएवढा गडगा उभा केला. आणि काय सांगू तुम्हाला, त्या थंडीत पाऊसही बरा झाला. आठही बोरी लगडल्या. हुदहुद पक्षी उतरले. अकबरसुद्धा डबा घेऊन तिथं जाऊन बसायला लागला आणि येईल त्याला सांगायचा, "हा आमी घातलेला गडगा हाय."

पुढच्या सालात मोजणीवाले आले. शहर पसरत होतं. एक चष्मेवाला साहेब, दोन साखळीवाले. गडग्याभोवती फिरले आणि साहेब विचारता झाला, "ही भिंत कुणी घातली?"

"मी," इद्रीसभाई छाती काढून म्हणाला.

"तू कुणाचा माणूस?"

इद्रीसभाईनं अरबाबाचं नाव सांगितलान्. साहेबानं लिहून घेतलान्.

"साहेब, कागद हाय ना आमचा." इद्रीसभाईनं धावत जाऊन मशिदीतनं कागद आणलान्. साहेबानं शांतपणे वाचलान्. माणूस वाईट नव्हता.

"ह्यात जागा कुणाची नाही ते लिहिलंय," तो म्हणाला. "मला लिहायचंय ती कुणाची आहे. उघडं रान सरकारी, त्याला अजून कुणी हात लावला नसता. पण भिंत आहे म्हणजे धनी आहे. भिंत कुणी फुकट घालत नाही."

वहीत जागेचा धनी म्हणून अरबाबाचं नाव लागलं. बाहेरच्या मोकळ्या वाळूला असं कुंपण घालूनच बडी माणसं धनी होत होती म्हणे. सगळ्या गावाला माहीत होतं. आम्हाला तेवढं माहीत नव्हतं, आणि आम्हाला कुणी सांगावं असं कुणाला वाटलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं होतं, आमच्या अरबाबालाही तो कागद कबूल आहे आणि तोच आम्हाला धाडतोय!

इद्रीसभाई अरबाबाच्या दारात सकाळपासून बसला. मी बरोबर होतो. दुपारच्या नमाजाला निघताना तो भेटला. खुशीत होता.

"तुझं काम बघितलं मी. सरळ भिंत. शाबास!"

"अरबाब, ती जागा तुमची नाय. सोडा ती. तुमी कागदावर सांगा की गडग्याशी तुमचा संबंध नाय."

"माझ्या माणसांनी घातला म्हणजे मी घातला."

"जुम्म्याला घातला. आमच्या सुट्टीत."

अरबाब हसला. रागानं नाही, खरंच हसला. "जुम्म्याला तू दुसऱ्या कुणाचा असतोस काय?"

आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. घरी माणसं पोस्टमनची वाट बघणारी. गावची बुजुर्ग माणसंही दोनदा जाऊन आली, कॉफी पिऊन परत आली.

"कुंपणानंच शेत खाल्लंन्," अकबर खोलीत म्हणाला. इद्रीसभाई भिंतीकडं तोंड करून पडला होता. मला अकबरचं थोबाड फोडावंसं वाटलं, आणि तो खरं बोलतोय म्हणून जास्तच.

उन्हाळ्याआधी यंत्र आलं. दुपारपर्यंत आठही बोरी आडव्या झाल्या, कच्च्या बोरांसकट. उम्म नासेर शेरडं घेऊन निघाली होती. इद्रीसभाई तिच्या पुढं जाऊन उभा राहिला.

"खाला, मला शिव्या घाल. चप्पल मार. काय तरी कर."

तिनं बुरख्याआडून त्याच्याकडं बघितलान्. "शिव्या कशाला? तू मनापासून केलंस," ती म्हणाली. "एवढी वर्षं ही जागा उघडी होती, इद्रीस. म्हणून कुणाला दिसली नाही."

आणि शेरडांना हाळी देत ती जहरा गावाच्या वाटेला लागली. पुन्हा ती आम्हाला दिसली नाही.

शनिवारी अरबाबानं इद्रीसभाईला त्याच जागेवरचा मुकादम केलान्. हात चांगला म्हणून. तो नाही म्हणाला नाही. नाही म्हणून जाणार कुठं? सकाळी आम्ही तिघं गेलो, आणि त्यानं दोरी धरून इमारतीचा पाया आखायला सुरुवात केलीन्.