सीनीला आलेली हाक

पाद्री फिलिमोनेला देवाची हाक यायची ती नेमकी सोयीची. दूरच्या निउआ बेटावर धर्मसेवेला जायची पाळी खरी त्याच्या भाच्याची होती, तीही ऐन वादळांच्या दिवसांत. पण रविवारी पाद्री उभा राहिला, बायबलवर हात ठेवला आणि म्हणाला, "देव तोआला बोलावतोय." तोआ म्हणजे विधवा सीनीचा एकुलता एक मुलगा. सगळे 'आमेन' म्हणाले. बायबलवर हात ठेवून सांगितलेल्या हाकेवर कुणी शंका घ्यायची नाही, हा नियम फिलिमोनेनेच घालून दिलेला. होडी वाटेतच बुडाली. भाचा इकडे डुकराचं मटण चापत बसला, मेल्याला लाज कसली ती नाही.

"देवाने त्याला जवळ केलं, सीनी," सांत्वनाला आलेला पाद्री म्हणाला.

सीनीने त्याला जेवू घातलं. सुतकाचे काळे कपडे घातले, तिथल्या रिवाजाप्रमाणे कमरेला दुखवट्याची फाटकी चटई गुंडाळली. वर्ष सरलं, बायका म्हणाल्या, "आता सोड गं ती." तिने सोडली नाही. ती वादळांची वाट बघत होती.

वादळांचे दिवस पुन्हा आले. रविवारी सीनी उठली, बायबलवर हात ठेवला.

"निउआची माणसं पोरकी आहेत. देव तुम्हाला बोलावतोय, पाद्रीबाबा. याच महिन्यात."

फिलिमोनेचा चेहरा उतरला. "सीनी, अगं, दुःखाने माणसाचं डोकं..."

"शंका घेताय?"

फिलिमोनेने आशेने पहिल्या बाकाकडे पाहिलं. तिथे त्याची बायको वाइका बसली होती. जन्मभर तिला देवाच्या नावाने नवऱ्याचेच हुकूम ऐकावे लागले होते.

"आमेन," वाइका म्हणाली. मग सगळेच म्हणाले.

धक्क्यावर होडीत चढताना तो सीनीच्या कानाशी लागला. "खरं सांग, देव बोलला तुझ्याशी?"

"तोआच्या वेळी तुमच्याशी बोलला होता ना? तसाच."

होडी लांब गेल्यावर सीनीने कमरेची चटई सोडली आणि वाइकाच्या हातात दिली. "ठेव. लागेल."

वाइकाने ती गुंडाळून काखोटीला मारली. सीनी घरी गेली आणि तोआ गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवली.