कोयऱ्यांचा शर्ट

मी शिवकन्या, ब्लाउज शिवणारी बाई. पुसेगावात माझ्या हातचा ब्लाउज घातला नाही अशी बाई शोधावी लागेल, हे फुशारकीनं नाही, खरं म्हणून सांगते. पुरुषाचा शर्ट मात्र जन्मात एकच शिवला, आणि तो शिवला नसता तर बरं झालं असतं.

आमचे मालक आणि त्यांचे थोरले भाऊ उत्तमराव यांची विहीर एक, पाण्याच्या पाळ्या दोन. चार वर्षांपूर्वी विहिरीवरची मोटर जळाली. ती कुणाच्या पाळीत जळाली यावरून दोघं असे भांडले की बोलणंच तुटलं. भिंतीला भिंत लागून घरं, पण एकाची चाहूल लागली की दुसरा मान फिरवायचा. मला दोघांचाही राग यायचा. मोटर दुरुस्त होऊन आली, तिचं पाणी दोन्ही रानांना जाऊ लागलं, तरी तोंडं वाकडी ती वाकडीच.

यंदा उत्तमरावांच्या वैष्णवीचं लग्न निघालं. आम्हाला लेकरू नाही. ही पोरगी आमच्या ओसरीत रांगली, चालायला शिकली आणि शाळेत जाईपर्यंत मालकांच्या खांद्यावरून उतरली नाही. पत्रिका आली तेव्हा तिच्यात चुलता म्हणून मालकांचं नाव होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पत्रिका देवळीत ठेवली.

"नाव छापून काय व्हतंय," ते म्हणाले. "भाऊकीत मानाचे कपडे देतेत. त्यानं कपडे धाडले तर जाईन. न्हाईतर न्हाई."

आठ दिवस झाले, कपडे आले नाहीत. दाराची कडी वाजली की मालक जेवता जेवता थांबायचे. आली असायची एखादी बाई, ब्लाउज न्यायला. ते बघून माझा जीव तुटायचा.

त्याच आठवड्यात मी अस्तराचं कापड आणायला हिंगोलीला गेले. दुकानदार ओळखीचा. फळीवर निळ्या कापडाचा एक तुकडा उरला होता, त्यावर पिवळ्या कोयऱ्या छापलेल्या.

"तुमच्या जाऊबाई ह्याचा आख्खा तागा घेऊन गेल्या की," तो म्हणाला. "लग्नासाठी शर्टं शिवायला टाकलेत. एवढाच बचला."

कुणाचे शर्ट, हे मी विचारलंच नाही. हल्ली लग्नात घरचे सगळे एकसारखे कपडे घालतात, फोटोत शोभून दिसतं म्हणून. मला वाटलं त्यातलंच काही. म्हणजे साऱ्या भाऊकीला दिलं आणि सख्ख्या भावाला तेवढं वगळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तो तुकडा घेतला आणि घरी येऊन मालकांच्या पुढ्यात ठेवला.

"जाऊबाईंनी धाडलाय," मी म्हणाले. "समदी भाऊकी हेच घालणार हाय."

"दादानं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी कापडावरून हात फिरवला. चार वर्षांत 'दादा' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मग त्यांनी शिंप्याचं नाव काढलं. मी म्हटलं, लगीनसराईत कोण शिंपी रिकामा बसलाय, मीच शिवते. खरं कारण वेगळं होतं. जाऊबाईंचे शर्टही शिंप्याकडंच असणार; तिथं गेलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं. पडलं असतं तर किती बरं झालं असतं, हे आता कळतं.

मापाला त्यांचा जुना शर्ट घेतला. कापड मोजकंच होतं आणि साऱ्या कोयऱ्यांची तोंडं एकाच बाजूला. एक भाग जरी उलटा कापला असता तरी कोयऱ्या डोक्यावर उभ्या राहिल्या असत्या. मी पाठ, पुढचे दोन्ही भाग, बाह्या जमिनीवर मांडून बघितल्या आणि मगच कात्री लावली. कॉलरनं मला रडवलं. तीनदा उसवली तेव्हा कुठं तिची दोन्ही टोकं बराबर झाली. काजं हातानं केली, एकेक टाका जवळ जवळ घालून.

मालकांनी शर्ट अंगात घातला आणि बटणं लावताना चाचपडायला लागले.

"अगं, ही तर बायकांची बाजू."

खरंच की. ब्लाउजाच्या सवयीनं मी काजं उजव्या पल्ल्याला केली होती आणि बटणं डाव्या. मी कपाळावर हात मारला आणि उसवायला कात्री घेतली, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. दादाला काय कळतंय," म्हणाले, आणि हसले.

लग्न नरसीच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं, दुपारचं. दारातच भाऊकीला गुलाबी फेटे बांधणं चाललं होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. निळा शर्ट मला एकही दिसेना. मालक मात्र पुढं झाले आणि फेट्यासाठी मान वाकवून उभे राहिले.

"वाढप्यांनी मागच्या दारानं जायचं," फेटेवाला त्यांच्याकडं बघत म्हणाला. "पंगतीची तयारी करा."

मालकांनी मान वर केली. मंडपाच्या त्या टोकाला हिंगोलीहून आणलेले वाढपी बादल्या घेऊन उभे होते. बारा जण. बाराही जणांच्या अंगात निळा शर्ट, पिवळ्या कोयऱ्यांचा.

तेवढ्यात उत्तमराव आले. हातात पिशवी, मागं जाऊबाई पार्वतीबाई. भावाला बघून त्यांचा चेहरा फुलला होता, तो शर्ट दिसताच उतरला.

"माणिक, वाढप्याचे कपडे घालून आलास? चार लोकांत माझी शोभा करायला?"

"तूच धाडलास ना हा."

"मी काहून धाडीन? तुझे कपडे तर हे माझ्या हातात हायेत."

"भाऊजी, ह्यांना सोताच्या हातानं द्यायचे व्हते," जाऊबाई म्हणाल्या. "मांडवात, समद्यांसमोर. म्हून घरी धाडले न्हाईत."

"आधी वाढप्याचा कपडा धाडायचा," मालक म्हणाले, "आन् मंग लोकांसमोर पिशवी दाखवायची. चांगलं केलंस, दादा."

उत्तमरावांचा पिशवीचा हात खाली गेला.

माझं एक वाक्य पुरलं असतं. पण भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बाईनं तोंड उघडायचं नाही ही आमच्या घरची रीत. बावीस वर्षांत मी त्यांच्यापुढं एक शब्द काढला नव्हता. मी पदर पुढं ओढला आणि गप्प राहिले. रीत होती हे खरं, पण मी भ्यायलेही होते. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा आत मंगलाष्टकं सुरू झाली होती.

रस्त्यावर लिंबाखाली मालक शर्ट काढायला लागले. बटणं उलट्या बाजूला, एकही निघेना. मी जवळ जाऊन एकेक बटण काढायला लागले आणि काढता काढता सगळं सांगितलं. कापड मी आणलं. दादांनी धाडलं नव्हतं. मी खोटं बोलले.

त्यांनी माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं की माझे हातच थांबले.

"किती करशील माझ्यासाठी," ते म्हणाले. "भाऊ तुटू नये म्हून आता त्याचं पाप सोताच्या अंगावर घेऊन राहिली. तू शिवला, तेवढं खरं. कापड त्याचंच."

"हिंगोलीच्या दुकानदाराला विचारा."

"त्यो तुझ्या ओळखीचा. तू सांगशील तेच बोलंल."

मी वैष्णवीची शपथ घ्यायला लागले. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "आज तिच्या डोक्यावर अक्षता पडून राहिल्यात. तिची खोटी शपथ घेऊ नको."

चार दिवसांनी मी जाऊबाईंना विहिरीवर गाठलं आणि त्यांनाही सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"नवऱ्याला सांभाळून घेऊन राहिलीस तू," त्या म्हणाल्या. "मीबी तेच केलं असतं, शिवकन्या." आणि घागर उचलून गेल्या.

शर्ट माझ्याजवळच आहे. खरं सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तरी मालकांना ते पटत नाही. खोटं बोलले त्या दिवशी त्यांनी फक्त एकदाच विचारलं होतं, "दादानं?" मी व्हय म्हणाले आणि त्यांना तेवढं पुरलं होतं.